टिटवीच्या अंड्यांवर छत्री

आळीतल्या मंडळींनो, आज या फळ्यावर सुविचार नाही. दुपारच्या गाडीनं नांदूरच्या बंधाऱ्याहून परतलो आणि तसाच खडू हातात घेतला.

उन्हाळा सरत आलाय. बंधाऱ्याचं पाणी मागे हटलंय. काठच्या नांगरलेल्या रानात टिटवीची चार अंडी उघड्यावर दिसली. बरोबर आपले कापडवाले इस्माईलभाई होते. त्यांना राहवेना.

"अहो, भाजून निघतील बिचारी!" म्हणत त्यांनी आपली काळी छत्री अंड्यांवर रोवली.

टिटवी वर नुसती ओरडत घिरट्या घालू लागली. खाली उतरेचना.

"इस्माईलभाई, छत्री काढा. ती घाबरलीय."

"आणि ऊन?"

"ते तिचं ती बघेल. काढा म्हणतो ना!"

त्यांनी रागारागानं छत्री काढली. आम्ही बांधाआड बसलो. टिटवी उतरली, अंड्यांपाशी आली आणि सरळ पाण्याकडे निघून गेली.

"गेली! झालं समाधान?"

मी जागचा हललो नाही. टिटवी अंडी अशी टाकून जात नाही, याची मला खात्री होती.

थोड्या वेळानं ती परतली. पोटाची पिसं ओलीचिंब. तशीच अंड्यांवर बसली आणि त्यांना गारवा दिला.

स्टेशनपर्यंत चालताना ऊन मी म्हणत होतं, पण इस्माईलभाईंनी छत्री उघडली नाही.

खाली जागा सोडलीय, खडू खिळ्याला टांगलाय. खरं सांगा, तुम्ही सध्या कुणावर छत्री धरून उभे आहात?