सात फुटांपलीकडचं

साताऱ्यात आमचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे घराचीच पुढची खोली, एक निळा पडदा, दोन दिवे आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. नव्वदच्या दशकात त्यांच्या जुन्या जर्मन कॅमेऱ्याचं शटर कायमचं बसलं आणि त्यांनी नव्या घडणीचा जपानी कॅमेरा घेतला. जुनी लेन्स मात्र त्यांना सोडवेना. माणसाच्या तोंडावरचा उजेड तिच्यातून जसा उतरतो तसा दुसरीतून उतरत नाही, असं ते म्हणायचे. मला काडीचा फरक दिसायचा नाही, पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती.

पंचाईत अशी, की जुनी लेन्स आट्यांची आणि नव्या कॅमेऱ्याचं तोंड खाचांचं. मध्ये जोडकडी हवी. ती मुंबईला तयार मिळते, असं कुणी सांगितलंही. पण आमच्याकडे लेथवाला ओळखीचा असला की माणूस दुकानाची पायरी चढत नाही. सांगलीजवळ माधवनगरला अण्णांच्या ओळखीचे एक चाचा होते. यंत्रमागाचे सुटे भाग करण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. मी सांगलीला आत्याकडे निघालेच होते, म्हणून कॅमेरा, लेन्स आणि कडीचं कागदावरचं चित्र माझ्याच गळ्यात पडलं.

चाचांनी चित्र बघितलं, लेन्स तळहातावर तोलली.

"एवढी पातळ कडी टिकायची न्हाई, पोरी. लेन्स लय जड हाय. जरा जाड ठेवतो. अण्णांना सांग, जन्मभर बगायला नको."

मला ते पटलं. कडी अशी चपखल बसली की आत्याच्या घरी मी ती उगाचच तीनदा लावून काढून बघितली.

पहिल्या आठवड्यातले पासपोर्ट फोटो सुरेख आले. मग अण्णा एका शाळेत वर्गाचा ग्रुप फोटो काढून आले, तर पन्नास पोरांत एकाचेही नाकडोळे धड नाहीत. लॅबवाल्यानं रोल खराब केला म्हणून आम्ही त्याला नावं ठेवली. मग लग्नाचा रोल. नवरानवरी जवळून झक्क, मांडव सगळा धूसर. सात फुटांच्या आत सगळं ठीक आणि पलीकडे धुकं, हा काय प्रकार होता काही कळेना.

एका सकाळी अण्णांनी मला दारात बोलावलं, कॅमेरा हातात दिला आणि समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी दाखवली. "बघ बरं, नीट दिसतीय का."

मी डोळा लावला. लेन्स शेवटपर्यंत फिरवली. अक्षरं पाण्यात भिजल्यासारखी फुगलेली. त्या वर्षी मला स्थळं येत होती आणि चष्मा लागलेली मुलगी खपवणं किती अवघड आहे यावर आईचं रोज एक प्रवचन व्हायचं.  मी म्हटलं, "हो, स्वच्छ दिसतंय."

 अण्णा कॅमेरा घेऊन आत गेले.

त्यानंतरचे तीन महिने मी नुसती गोंधळलेली होते. कॅमेऱ्याविना मला एसटीची पाटी लांबून वाचता यायची. मग कॅमेऱ्यातूनच का नाही? उजवा डोळा अधू असेल म्हणून डाव्यानं बघितलं, तोही तसाच. कॅमेऱ्यापुरतं आंधळेपण असतं का, हे विचारणार तरी कुणाला? अण्णा मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. लांबची नजर उत्तम आहे, असं डॉक्टर म्हणाले. अण्णांचा विश्वास बसेना. "नंबर यायला दोन तास लागले. बसल्या बसल्या भिंतीवरची अक्षरं पाठ झाली मला. त्यात काय उत्तम?" त्यांनी लग्नं घेणं थांबवलं. दिवाळीनंतर स्टुडिओ बंद करायचा, असं त्यांनी आईला सांगितलं तेव्हा मी शेजारीच होते. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. आज त्याची लाज वाटते.

एकदा अण्णा बाहेर गेले असताना मी पुन्हा डोळे तपासत बसले. वैतागून कडी काढून टाकली आणि लेन्स नुसती हातानं कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरली. ती किंचित आत सरकली आणि समोरची पाटी खालच्या बारीक अक्षरांसकट लख्ख दिसली. जरा बाहेर ओढली, पुन्हा धुकं. चार वेळा करून बघितलं. डोळे दोघांचेही शाबूत होते, लेन्सच कडीच्या जाडीनं पुढे राहिली होती.

दुसऱ्याच दिवशी माधवनगर गाठलं. चाचांनी ऐकून घेतलं, कडीचा आतला काठ दीड मिलिमीटर खाली उतरवला, लेन्स बसवून माझ्याकडून बघून घेतलं. "चूक माझी हाय. अण्णांना तसंच सांग," एवढंच म्हणाले. परतीच्या एसटीत मला त्यांचा हेवा वाटत राहिला. त्यांची चूक सांगण्यासारखी होती.

घरी आल्यावर अण्णांच्या हातात कॅमेरा दिला. त्यांनी दारात उभं राहून पाटी मोठ्यानं वाचली. मग तिच्यावरच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे मोजले. मग डोंगराकडे वळून बराच वेळ बघत राहिले. मी कडीचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी कॅमेरा खाली घेतला.

"पन त्या दिवशी तुला तर स्वच्छ दिसत हुतं."

"नव्हतं दिसत. मी खोटं बोलले. मला वाटलं, मला चष्मा लागला."

ते आता ओरडणार म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले. अण्णा माझ्याकडे बघत होते.

"म्हंजे तूबी तीन महिने अशीच घाबरत बसली हुतीस? एकटीच?"