पेवाच्या तोंडाशी

दोरीला बांधलेला कंदील अण्णांच्या हातून हळूहळू जमिनीच्या पोटात उतरतो आहे, आणि त्या काळ्या भोकातून कोंडलेल्या हळदीचा उग्र, ऊनऊन वास वर येतो आहे... सांगलीजवळच्या आमच्या गावात तेव्हा हळद जमिनीखालच्या खोल पेवांत साठवत, आणि माझे वडील, अण्णा, ती पेवं उघडायचं काम करत. मी नऊ वर्षांची होते आणि त्या दिवसांत देवावर मनापासून चिडले होते.

चिडणार नाही तर काय. नाताळापासून आई मिरजेच्या दवाखान्यात पडून होती. आमच्या ख्रिस्ती वस्तीतलं घरन् घर तिच्यासाठी प्रार्थना करी, पाळकसाहेब दर रविवारी चर्चमधल्या भक्तीत तिचं नाव घेत, आणि आई मात्र दर भेटीला चादरीखाली आणखी बारीक झालेली दिसे. शेवटी मी फणकाऱ्याने सांगून टाकलं, की मी आता गुडघे टेकणार नाही. अण्णा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला पेवावर घेऊन गेले.

कंदील तळाशी पोचायच्या आत विझला. अण्णांनी तो वर ओढला, पुसला, पेटवून बाजूला ठेवला. पेव उघडल्या उघडल्या आत उतरायचं नसतं. आतली हवा जीवघेणी असते, घाई करणारा तिथेच राहतो, हे मलाही ठाऊक होतं. पण इतका वेळ बसायचं? ऊन कलंडलं, भाकरी खाऊन झाली, कंदील दुसऱ्यांदा विझला, आणि अण्णा आपले आईचं आवडतं गीत गुणगुणत बसलेले.

“थांब जरा,” एवढंच म्हणत. “हवा बदलू दे.”

तिसऱ्या खेपेला ज्योत तगली. तिच्या उजेडात खाली हळद दिसली, पिवळीजर्द, कालच ठेवल्यासारखी.

“आंधारात व्हती म्हून काय मेली न्हवती,” अण्णा म्हणाले. “आपल्याला दिसत न्हवती, येवढंच.”

त्या संध्याकाळी मी पुन्हा गुडघे टेकले. आणि उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, चार दिवस आधी आई गेली.

अण्णांनी फसवलं असंच वाटलं मला, खोटं कशाला सांगू. ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी कबरस्तानात जमतात, आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात, पुनरुत्थानाची गीतं गातात. आईच्या कबरीची माती अजून ओली होती. नदीकडून वारा सुटला होता. अण्णा मेणबत्ती लावत, ती विझे, ते पुन्हा काडी ओढत... मग त्यांनी पिशवीतून पेवावरचा तो कंदील काढला.

“आई कवा उठंल?” मी विचारलं.

“ते प्रभूला ठाऊक.” अण्णा रडत होते. “म्या बी वाटच बघतोय, पोरी. पण बघतोय.”

त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि का कोण जाणे, माझा राग तिथेच गळून पडला. मी त्यांच्याजवळ सरकून बसले.

आता पेवं बुजली. हळद शीतगृहांत जाते. अण्णाही आईशेजारी निजले आहेत. मी सांगलीत विश्रामबागेत राहते, पण ईस्टरच्या पहाटे तो कंदील घेऊन गावी जातेच. गेल्या खेपेला लेक सोबत होती, झोपेने पेंगुळलेली. दोन्ही कबरींकडे बघत तिने विचारलं, “आजी-आजोबांना उठायला अजून किती वेळ आहे?”

मी काच पुसली, वात थोडी वर केली.

“थांब जरा,” म्हटलं. “हवा बदलू दे.”