मास्तरांची मोजदाद

गाडी बाबांसाठी घ्यायची, असं मुलाने तीन महिन्यांपूर्वीच जाहीर केलं होतं आणि तेव्हापासून बाबा सोडून घरातले सगळे त्या गाडीच्या मागे हात धुऊन लागले होते.

बाबा म्हणजे मास्तर. शाळेतले नव्हेत, बसमधले. चौतीस वर्षं त्यांनी कंडक्टरकी केली. डेपोत सगळे मास्तर म्हणायचे, ते नाव निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. नोकरीने जाता जाता त्यांना थोडी पेन्शन आणि भरपूर गुडघेदुखी दिली. त्यांची थोरली बहीण नऊ तासांच्या अंतरावर राहायची आणि तिची नजर हळूहळू जात चालली होती. दर रविवारी फोनवर ती म्हणायची, "अरे, चेहरा ओळखू येतोय तोवर येऊन जा." पण नऊ तास बसच्या सीटवर गुडघे दुमडून बसणं मास्तरांना आता जमण्यासारखं नव्हतं आणि घरातल्या जुन्या, छोट्या गाडीत तर गुडघे बसपेक्षाही जास्त दुमडावे लागायचे. ताईला भेटून दोन वर्षं झाली होती.

"बाबा, काळजीच सोडा," मुलगा म्हणाला. "मोठी गाडी घेऊ. तुम्हाला आत्याकडे पाय पसरून नेतो."

मास्तरांना भरून आलं. मुलगा बोलला की ते खरं मानायचे, पहिल्यापासून.

मग तुलना सुरू झाली. मुलगा एका कंपनीत व्यवस्थापक होता, त्यामुळे तक्ता केल्याशिवाय त्याला जांभईसुद्धा येत नसे. त्याने चार गाड्यांचा तक्ता केला, अडतीस ओळींचा. काचेचं छत कुठवर उघडतं. सीट पाठ चेपून देते का, आणि देत असेल तर किती प्रकारांनी. स्पीकर किती. दारांच्या कडेने लागणाऱ्या मंद दिव्यांचे रंग किती: एकीत चौसष्ट, दुसरीत फक्त तीस, म्हणून सुनेने दुसरीला नाक मुरडलं. पेले ठेवायच्या खोबणी बारा. पाण्यातून जायची वेळ आली तर इंजिन किती खोलीपर्यंत तग धरतं, हीसुद्धा एक ओळ होती. या घराण्याने आजवर ओलांडलेलं सगळ्यात खोल पाणी म्हणजे इमारतीच्या टाकीचा पाइप फुटला तेव्हाचं. पण मुलाने नदीतून गाड्या घालणाऱ्या लोकांचे इतके व्हिडिओ पाहिले होते, की रोज ऑफिसला जाताना त्याला वाटेत नदी लागत नाही याचंच त्याला वाईट वाटू लागलं होतं.

एका शनिवारी सगळा लवाजमा पहिल्या शोरूममध्ये गेला. मुलगा, सून, दोन नातवंडं, मास्तरांची बायको, सुनेची आई म्हणजे विहीणबाई, आणि मास्तर. आत इतकी शांतता आणि इतका गारवा, की मास्तरांनी चपला काढायच्या का असं हळूच विचारलं. काळ्या सुटातला विक्रेता पोरगेलासा होता, पण बोलायचा एखाद्या महाराजासारखा.

"सर, ही गाडी नाहीये. हा अनुभव आहे."

"चाकं आहेत ना अनुभवाला?" मास्तर पुटपुटले. कोणी ऐकलं नाही.

नातवंडं मागचं दार पायाच्या इशाऱ्याने उघडत होती आणि पुन्हा बंद करत होती. विहीणबाई पाठ चेपणाऱ्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या आणि उठायचं नाव घेत नव्हत्या. विक्रेत्याने सांगितलं, याच गाडीत दोन प्रकार आहेत. एकात मधल्या रांगेत तिघांचा सलग बाक, म्हणजे एकूण सात जागा. दुसऱ्यात मध्ये दोन स्वतंत्र खुर्च्या, विमानात असतात तशा, म्हणजे सहा जागा. "खुर्च्यांचा रुबाब वेगळाच आहे, सर. तुम्ही एकूण किती जण?"

"बाबा, किती आपण?" मुलाने न बघताच विचारलं. घरात माणसं मोजायचं खातं बाबांचंच होतं. कुठेही गेलं तरी डोकी मोजून घ्यायची, कोणी मागे राहिलं नाही ना ते बघायचं, हे काम दुसऱ्या कोणी कधी केलंच नव्हतं.

मास्तरांनी सवयीने नजर फिरवली. एक, दोन, तीन... "सहा."

बसमध्ये मोजतात ते प्रवासी. ड्रायव्हर आणि कंडक्टर त्या आकड्यात येत नाहीत, ते गाडीबरोबरच आलेले असतात. चौतीस वर्षं मास्तरांनी असंच मोजलं होतं. घरी परत येईपर्यंत चूक त्यांच्या लक्षात आली आणि त्यांना हसूच आलं. आता कोणीतरी म्हणेल, "अहो बाबा, तुम्ही राहिलातच की," म्हणून त्यांनी चहा होईपर्यंत वाट बघितली. चहा झाला. काचेच्या छतावर चर्चा झाली. बाकी काही झालं नाही.

पुढच्या शनिवारी दुसरं शोरूम. तिथेही तोच प्रश्न आणि तसंच न बघता, "बाबा, किती?" या वेळी मास्तरांनी सावकाश मोजलं. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत मोजलं. बायकोपाशी क्षणभर थांबले. ती दाराचा जांभळा दिवा बघत होती.

"सहा," मास्तर म्हणाले.

कोणी मान वर केली नाही. मुलाने आकडा विक्रेत्याला सांगितला. तक्त्यात मात्र माणसांची ओळ नव्हतीच, ती आठवणार कोणाला?

त्या दिवशी मास्तर मनातून दुखावले, चांगलेच दुखावले. सरळ सांगून टाकावं, असं दहादा तोंडाशी आलं. पण जागेसाठी गयावया करणारी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती आणि स्वतःच्या घरात तसं करायला ते तयार नव्हते. पुढे तिसऱ्या शोरूममध्येही ते सहाच म्हणाले आणि चौथ्यातही. घरातले गाड्या पारखत होते, मास्तर घरातल्यांना पारखत होते. मात्र प्रत्येक वेळी "सहा" म्हणताना ताई थोडी आणखी लांब जाते आहे, हे त्यांना कळत होतं.

शेवटी अडतीस ओळींनी कौल दिला आणि पहिल्याच शोरूममधली गाडी ठरली. चौसष्ट रंग, बारा खोबणी, विमानातल्या खुर्च्या. ती आणायला सगळे गेले, तेव्हा इमारतीखाली दुसऱ्या कोणी गाडी लावू नये म्हणून मास्तरांना जागा धरून उभं केलं होतं. दोन तास ते एका खांबाला टेकून उभे होते.

पहिली फेरी अर्थातच आत्याकडे. ताईने आदल्या दिवशी तीनदा फोन करून निघायची वेळ विचारली होती. शनिवारी सकाळी सात वाजता सामान चढलं, नातवंडं मागे घुसली, मधल्या खुर्च्यांवर मास्तरांची बायको आणि विहीणबाई बसल्या, पुढे सून, स्टिअरिंगवर मुलगा. सगळ्यांनी पट्टे लावले. मास्तर पिशवी घेऊन बाहेर उभे होते.

"बसा ना बाबा, उशीर होतोय," मुलगा म्हणाला.

"कुठे?"

मुलाने मागे वळून बघितलं. मग सुनेने. मग एकेक करून सगळ्यांनी. गाडीत सहा जागा होत्या आणि सहाही भरल्या होत्या.

"पण... तुम्हीच तर सहा म्हणालात!" मुलगा जवळजवळ ओरडलाच. "चार वेळा विचारलं मी तुम्हाला!"

"पहिल्यांदा चुकून म्हणालो," मास्तर म्हणाले. "नंतर तीन वेळा मुद्दाम. म्हटलं, सहा जणांत एक तरी म्हणेल, बाबा, तुमचं काय? इतकी वाट तर मी रिकाम्या स्टॉपवरसुद्धा नाही बघितली कधी."

मास्तरांची बायको पट्टा सोडवू लागली. तिचे डोळे भरून आले होते. "माझंच चुकलं हो. मी राहते घरी, तुम्ही जा."

"तू हलायचं नाहीस." मास्तरांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि मुलाकडे बघितलं. "तू उतर."

"मी? अहो, चालवणार कोण?"

"सूनबाई चालवेल. परवा विकेपर्यंत जुनी गाडी रोज ऑफिसला तीच न्यायची, तुझ्यापेक्षा बरी चालवते."

सुनेने नवऱ्याकडे बघितलं, सासऱ्यांकडे बघितलं आणि मुकाट्याने पट्टा सोडला. मुलगा उतरला, तशी ती पलीकडे सरकली. मास्तर वळसा घालून पुढच्या सीटवर बसले आणि पाय लांब केले. जागा खरोखरच ऐसपैस होती, तक्ता काही खोटा नव्हता.

मुलगा काचेपाशी आला. "बाबा, अहो, आणि मी?"

काच अजिबात आवाज न करता खाली गेली. भरलेल्या बसच्या दारात उभं राहून स्टॉपवरच्या लोकांना चौतीस वर्षं जे सांगितलं, ते मास्तरांनी त्याच आवाजात मुलाला सांगितलं.

"मागून गाडी येतेय. रिकामी आहे."