सोमवार पट्टीत मावला म्हणून

ते पान मी काढलेलं नाही. अजून आहे. काढा म्हणून मुख्याध्यापकांनी सांगितलं, शाळा समितीच्या आबांनी सांगितलं, आणि दौंड स्टेशनबाहेर चहा पिताना माझ्या मेव्हण्यानेही सांगितलं. मेव्हणा प्रत्येक बाबतीत काहीतरी सांगतोच, ते सोडा.

दर शनिवारी मी दौंडहून मोटारसायकलवर निघतो आणि न्हावरे ओलांडून एका शाळेत नववीला वेबसाइट बनवायला शिकवतो. त्याआधी पुण्यात एका कंपनीत होतो. बटणं निळी असावीत की हिरवी, हे ठरवायचं काम. सहा वर्षं ठरवत होतो. शेवटी कंपनीने माझंच काय ते ठरवून टाकलं. शाळेत आठ कम्प्युटर आहेत. पाच चालतात, सहावा लाडीगोडी लावली तर.

सुरुवातीच्याच एका तासाला मी मोठ्या थाटात सांगितलं, "आधी मांडणी. मजकुराचं नंतर बघू. सध्या जागा भरायला काहीही लिहा."

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. घरी ऊस, कांदा, दोन म्हशी, आणि अंगात सरांना कोंडीत पकडायची हौस.

"काहीही म्हंजी काय लिवायचं, सर?"

"अगं, काहीही. दिसायला चांगलं पाहिजे. वाचतं कोण?"

हे ज्ञान पुण्याचं. मग नमुना म्हणून मीच गावाच्या सूचनांचं एक पान बनवलं. वर निळी पट्टी, पट्टीत ठळक अक्षरं: 'कालव्याचं आवर्तन: सोमवार, सकाळी सहा.' आवर्तन म्हणजे शेतीला पाणी सोडायची पाळी. सोमवारच का, तर तो पट्टीत नेमका मावत होता. मंगळवार एका अक्षराने बाहेर जात होता. मग ते इंटरनेटवर चढवलं आणि म्हणालो, "बघा, आता हे जगात कुठूनही दिसतं."

जगाचं माहीत नाही, गावाला दिसलं. मुलांनी कौतुकाने घरी पाठवलं, रविवारी ते गावाच्या ग्रुपवर फिरलं, आणि सोमवारी सकाळी सहाला तीसेक माणसं फावडी घेऊन चारीवर, म्हणजे शेतात पाणी आणणाऱ्या पाटावर, उभी. चारी ठणठणीत कोरडी. कुणी पाण्याच्या भरवशावर कांदालागणीच्या बायका सांगून ठेवलेल्या, कुणी दूध घालायचं सोडून आलेला. थोड्या वेळाने पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणारा माणूस, गाडीवरून आला आणि त्यानेच विचारलं, "काय ओ, सगळे हितं कशाला जमलाय?"

पुढच्या शनिवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत आबा बसलेले. समितीचे अध्यक्ष. सोमवारी चारीवर सगळ्यात आधी पोचलेले तेच.

"सर, तुम्ही आमाला येड्यात काढलं."

"आबा, तो नुसता नमुना होता."

"नमुना तर तुम्हीच हाय." मग ते मुख्याध्यापकांकडे वळले. "बंद करा ह्यांचा तास. दहावीला ह्याला मार्क न्हाईत, पोरांचा टाइम जातो आन् आमचा बी."

मुख्याध्यापक म्हणाले, पान आत्ताच्या आत्ता काढा, माफी लिहून द्या, तासाचं समिती ठरवेल. मी पेन काढलं होतं, खोटं कशाला सांगू. माफीनाम्याला माझा हात चांगला बसलाय. कंपनीत बरेच लिहिले. तेवढ्यात दारात ती मुलगी, मागे निम्मा वर्ग.

"आबा, कालव्याच्या ऑफिसाभाईर पाण्याचा कागद लावत्यात. तुम्ही तो कवा वाचलाय?"

"तिकडं कोण जातंय मरायला."

"आन् हे पान वाचून तीस माणसं पहाटं उठली. माझं पप्पा साडेपाचलाच गेलं. म्हंजी पान चांगलं हाय, तारीख खोटी हाय. तारीख बदला की. पान कशापायी काढायचं?"

नोकरीच्या सहा वर्षांत माझ्या कामाबद्दल इतकं बरं कुणी बोललं नव्हतं. मी पेन खिशात ठेवलं. म्हणालो, "पान काढणार नाही. माफी चारीवर येऊन मागतो, कागदावर नाही. आणि तास बंद करायचा असेल तर पोरांना तोंडावर सांगा, का ते." आवाज चिरकला, पण वाक्य पूर्ण झालं.

आबांनी पोरांकडे बघितलं. "फुडच्या शनवारी धा वाजता येतो. खरी तारीख दिसली पायजे. न्हाईतर खोलीला कुलूप."

त्या शनिवारी आठ वाजता मुलींनी पाटकऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, वरून अजून निरोप नाही, कवा सुटंल सांगता येत न्हाई. झालं. दहाला आबा येणार आणि आमच्याकडे तारीख नाही.

"अंदाजाने पुढचा आठवडा टाकू या का?" हे कुणी विचारलं असेल? मीच.

मुलीने कीबोर्ड माझ्या हाताखालून ओढून घेतला. निळ्या पट्टीत, सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं: 'अजून ठरलेलं नाही.' खाली: 'आज सकाळी आठला पाटकऱ्यांना विचारलं.'

आबांनी चष्मा लावून वाचलं. "ठरलं न्हाई, हे सांगाया कम्प्युटर कशाला लागतो?"

"खरं हाय ते, आबा."

"टाका की एखादी तारीख अंदाजानं. बरं दिसंल."

"सरांनी तेच केलं व्हतं."

आबांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. आबांचा फोन तासाला चारदा वाजतो, तसा तेव्हाही वाजला. निमोण्याचा पाहुणा पाण्याचंच विचारत होता. आबांनी पडद्यावरून वाचून दाखवलं, "ठरलं न्हाई अजून. आठला इचारलंय पाटकऱ्याला. व्हय, पक्कं. पोरींनी इचारलंय." फोन खिशात टाकला. कुलपाचं नाव काढलं नाही. उठताना म्हणाले, "अक्षर आजून मोठं करा. चष्मा इसरला की दिसायचं न्हाई."

मुलीचं तेवढ्यावर भागेना. "सर, आता तुमची चूक बी लिवा."

लिहिलं. 'या पानावर एकदा खोटी तारीख होती. ती सरांनी टाकली होती.' अगदी तळाशी, बारीक, फिकट राखाडी अक्षरांत. अडचणीचं असं खाली ढकलायची कला मी पुण्यातच कमावली होती.

"हे वाचाय येत न्हाई, सर. पांढऱ्यावर फिकट अक्षर टाकायचं न्हाई, पयल्या तासाला कोण म्हणलं व्हतं?"

तिने ओळ काळी केली, जाड केली आणि उचलून थेट निळ्या पट्टीखाली आणून ठेवली.

मेव्हणा आता म्हणतो, पान राहू दे, निदान ती ओळ काढ, लग्नाकार्यात लोक विचारतात. नाही काढत. विचारू देत. वाचतात म्हणून विचारतात.