नळ्यांवर बसून झालेली तपासणी

२८ जानेवारी २००३. उसातल्या ठिबकच्या नळ्या गोळा करायचं काम. दुसऱ्या दिवशी कारखान्याची तोड यायची होती, आणि तोडीआधी नळ्या काढल्या नाहीत तर कोयत्याखाली त्यांचे तुकडे होतात. मी आणि माझी धाकटी जाऊ सकाळपासून सरीसरीतून नळी ओढत होतो, गुंडाळून बांधावर भेंडोळी रचत होतो. दोघींचे नवरे नोकरीला, त्यामुळं शिरोळकडचं ते रान आमच्याच अंगावर होतं.

ठिबकचे पैसे आम्ही आधी भरले होते. त्यातले निम्मे सरकार अनुदान म्हणून देणार होतं, पण कृषी खात्याचा माणूस शेतात येऊन संच बघून गेल्यावर. सात महिने आम्ही त्याची वाट बघितली. तो नेमका त्या दिवशी दुपारी आला.

साहेब नवीनच बदलून आलेला. उसात शिरला, दोन सऱ्या हिंडला आणि अंग खाजवत बाहेर आला.

"ठिबक कुठं आहे?"

"हे काय," मी बांधावर हात केला.

तो त्यातल्याच एका भेंडोळ्यावर बसला, मांडीवर फाइल घेतली आणि लिहिलं, 'संच शेतात आढळला नाही.'

मी ते दोनदा वाचलं. जाऊ म्हणाली, "पावणं, मग बुडाखाली काय हाय? गादी?"

"संच आहे. पण तो बांधावर आहे."

"बांध कुणाचा हाय? आमचाच की!"

"फॉर्मवर बांध नाही, ताई. एकाही सरीत नळी नाही, मी लिहू काय?"

माणूस उद्धट नव्हता. पाणी मागून प्यायला. तोड म्हणजे काय, तेही त्याला ठाऊक होतं. म्हणूनच माझ्या डोक्यात काही शिरेना. जाताना म्हणाला, "उद्या अकराला याच रस्त्यानं परत जाणार आहे. नळ्या अंथरलेल्या दिसल्या तर हे खोडतो. नाहीतर मार्चनंतर अर्ज बाद."

संध्याकाळी तोडकऱ्यांच्या मुकादमाला विचारलं, एक दिवस थांबता का?

"थांबतो की, मालकीणबाई. पण मग टोळी दुसऱ्याच्या रानात जाणार. तुमचा नंबर सगळ्यात शेवटी."

उसाला तुरा आला होता. आणखी उभा राहिला असता तर वजन घटलं असतं.

"आक्का, घालायच्या का काढायच्या?" जावेनं विचारलं. कारखान्याच्या माणसाला नळ्या बाहेर हव्या होत्या, सरकारच्या माणसाला आत. दोघांचंही बरोबर होतं आणि रान एकच होतं. आमचं चुकलं कुठं, हे मला आजही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच टोळी रानात शिरली. ते ऊस पाडत पुढं, आणि मोकळ्या झालेल्या सरीत पाल्यावरच नळी अंथरत आम्ही दोघी मागं.

"ओ मालकीणबाई, मोळ्या घेऊन जाणाऱ्या बायका पडतील की अडकून!" मुकादम ओरडला. मोळ्या न्यायला मी एका कडेनं वाट सोडली. साडेदहापर्यंत निम्मं रान झालं. उरलेली भेंडोळी उभ्या उसात आत सरकवली. बांधावर एकही ठेवलं नाही.

मग घरी जाऊन लोखंडी खुर्ची घेऊन आले आणि साहेबांना बसायला बांधावर ठेवली.