हाड लागतंय

गिऱ्हाईक गाडीवरून उतरलं, की मास्तर त्याच्या तोंडाकडे बघत नसत, त्याच्या चालीकडे बघत. उतरताना कंबर धरली, म्हणजे फोम बसलाय. पँट मागून चिमटीत धरून सोडवली, म्हणजे रेक्झिन तापतंय. गिऱ्हाईक मग तोंड उघडून तेच म्हणे, जे सगळेच म्हणत, "मास्तर, हाड लागतंय."

मोटरसायकलच्या सीट बनवणाऱ्या त्या दुकानात हाड म्हणजे सीटचं हाड, फोमच्या खालचा पत्रा. फोम मेला की बसणाऱ्याला तो पत्रा टोचतो. माणसालाही हाडं असतात, हे तिथे कुणाच्या गावीही नसे. इलाज ठरलेला. कव्हरच्या पिना उपसायच्या, मेलेला फोम काढायचा, नवा घालायचा, कव्हर ताणून पुन्हा पिना मारायच्या. मास्तर या कामात मुरलेले होते आणि त्यांना त्याची घमेंडही होती. का नसावी? दुसरी दुकानं ओलांडून, वाट वाकडी करून माणसं त्यांच्याकडे येत.

मास्तरांची बायको बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायची. स्टँडवर तिला सगळे चौकशीबाई म्हणत. कुठली गाडी कुठून सुटते, कुठे जेवायला थांबते, कुठल्या गावचा रस्ता पावसात बंद पडतो, सगळं बाईंना तोंडपाठ. आणि बाई स्वतः कुठवर गेल्या होत्या? माहेरापासून सासरपर्यंत. मध्ये एक नदी लागायची, तेवढाच काय तो प्रवास! नोकरीत बसचा फुकट पास होता, तोही त्यांनी कधी वापरला नाही. "बसमधून दिसतं काय?" त्या म्हणायच्या, "पुढच्या माणसाचं टक्कल."

म्हणून दोघांनी ठरवलं होतं, की बाई नोकरीतून सुटल्या की दुकानाला कुलूप लावायचं आणि मास्तरांच्या मोटरसायकलवरून निघायचं. मोटरसायकल म्हणजे काय, छोट्या इंजिनाची, फोमचे रोल वाहून वाहून पोक आलेली. तिच्यावरून समुद्राच्या कडेकडेने वर वर जायचं, रस्ता बर्फात संपतो तिथपर्यंत. वाटेत तंबू टाकायचा, स्वतः शिजवायचं, कुणाच्या दारात जायचं नाही.

बाईंचा धाकटा भाऊ बसचा ड्रायव्हर. तो पोट धरधरून हसला. "दाजी, ही गाडी दूध घालायला बरी. हिच्यापेक्षा तुमचं शिलाई मशीन जोरात पळतं."

"तू तुझी बस सांभाळ," बाई म्हणाल्या. "तुला रस्त्यात फक्त खड्डे दिसतात. आम्ही हळू जाऊ आणि बघत जाऊ."

मग काय विचारता! बाहेरच्या खोलीत जमिनीवर नकाशा पसरला, तो उचललाच गेला नाही. चार कोपऱ्यांवर चार कप ठेवलेले, पाय टाकायचा तर भिंतीला खेटून. मास्तरांनी दुकानातच तंबू शिवला, सांधे मेणाने बुजवले. दोन बाजूंना लटकवायच्या पिशव्या रेक्झिनच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून केल्या, एक लाल आणि एक चॉकलेटी. बाई म्हणाल्या, "सर्कस निघाली असं वाटेल लोकांना." वाटू दे, मास्तर म्हणाले.

छोट्या इंजिनाचा खरा वैरी म्हणजे वजन. मास्तरांनी भंगारवाल्याकडून जुना वजनकाटा आणला आणि एकेक वस्तू त्यावर चढवली. स्टोव्ह, भांडी, तंबूच्या काठ्या, पाण्याचे कॅन. शेवटी दोघंही चढली. मास्तरांचा आकडा बघून बाईंनी कपाळाला हात लावला. "एवढं पोट न्यायचं असेल तर स्टोव्ह घरीच ठेवा."

सुट्टीच्या दिवशी दोघं गाडी अंगवळणी पाडायला धरणापर्यंत जाऊन येत. पहिल्या फेरीहून परत आल्यावर बाई उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "अहो, हाड लागतंय."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या गावाच्या सीट करणारा माणूस, आणि त्याच्याच बायकोला हाड लागतंय! दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या सीटचा फोम बदलला. पुढच्या फेरीनंतर बाई पुन्हा तेच म्हणाल्या. मग मास्तरांनी खाली कडक आणि वर मऊ असा जोडफोम घातला. पुन्हा तेच. मग दुकानातला सगळ्यात भारी फोम काढला, श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेला. "आता?" त्यांनी विचारलं. "बरंय की," बाई म्हणाल्या, पण धरण यायच्या आतच मागे त्यांची चुळबूळ सुरू झाली. एकदा या कुशीवर, एकदा त्या.

मधून मधून वजनं व्हायचीच. काट्यावर बाईंचा आकडा उतरला होता. मास्तरांना केवढा आनंद! "तंबूचं वजन तुझ्यातच निघालं की गं!" म्हणाले. बाईही हसल्या. "मग आणखी एक पांघरूण घेऊ." घेतलं. पुढच्या वेळी आकडा आणखी उतरला, तेव्हा मोठं पातेलं घेतलं. आता काय म्हणावं या दोघांना! तिसरं कुणी तिथे असतं तर दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला असता. पण मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. ती फोनवर विचारायची, जेवलात का, आणि बाई सांगायच्या, जेवलो. खरं तर ताटात भात तसाच राहायचा. "निघायच्या उत्साहात भूकच लागत नाही बघा," असं त्या म्हणायच्या आणि मास्तरांना ते पटायचं. ब्लाउज ढगळ व्हायला लागले, तेव्हा मास्तरांनीच ते मशीनवर आत घेतले. वर म्हणाले, "पोरगी दिसतेस."

भावाने एकदा म्हटलं होतं, "दाजी, ताई वाळलीय हो." त्यावर ताईनेच त्याला उडवून लावलं. "छोट्या गाडीला हलकीच बायको लागते. तुला काय कळतंय?"

एकच गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा तीच तक्रार घेऊन आलं, की मास्तर त्याचा ठसा घेत. सीटच्या काळ्या रेक्झिनवर खडूची भुकटी पसरायची, माणसाला बसवायचं आणि सावकाश उठवायचं. भार जिथे पडतो तिथली भुकटी पुसली जाते, म्हणजे फोम कुठे भरायचा ते कळतं. बहुतेकांचे तळहाताएवढे दोन डाग उमटतात. बायकोचा ठसा मास्तरांनी घेतलाच नव्हता. एवढा संसार केल्यावर बायकोचा कसला ठसा घ्यायचा?

पण भारीतला फोमही फुकट गेला, तेव्हा ते इरेला पेटले. भर दुपारी बाईंना दुकानात घेऊन आले. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसलेली. "अहो, काय हे सगळ्यांसमोर," बाई पुटपुटल्या. बसल्या आणि उठल्या. मास्तर वाकले. भुकटीत दोन डाग होते, अंगठ्याएवढे. बाकीची भुकटी जेमतेम हलली होती. मास्तरांनी सीटवर हात फिरवला, दाबून पाहिलं. फोम ठणठणीत होता. मग त्यांनी फोम दाबतात तसाच हात बाईंच्या कमरेखाली दाबला, आणि साडीच्या आत, कातडीच्या लगेच खाली, त्यांच्या हाताला हाड लागलं.

बाकावरची गिऱ्हाइकं दुसरीकडे बघायला लागली. मास्तर तिथेच, कातरणांच्या ढिगावर खाली बसले.

डॉक्टरांनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

"दुसऱ्या फोमपासून," मास्तर म्हणाले.

"काय?"

"सीटचं म्हणतायत ते," बाईंनी सांभाळून घेतलं. "उन्हाळ्यापासून, डॉक्टर."

तपासण्या झाल्या. कॅन्सर होता, पोटात सुरू झालेला आणि तिथून हाडांत शिरलेला. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आला असतात तर..." आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मास्तरांना ते तरीही ऐकू आलं. त्यानंतर कित्येक दिवस त्यांना दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

त्यांनी घरी येऊन नकाशा गुंडाळला, तंबू माळ्यावर टाकला, वजनकाटा भंगारवाल्याला परत दिला. औषधं, इंजेक्शनं, ओकाऱ्या, पुन्हा औषधं. बाहेरच्या खोलीत खाट आली. खाटेवरचा फोम मास्तरांनी सहा थरांचा केला आणि दुकान उघडायचंच सोडून दिलं. सहलीचं नाव काढायचं नाही, हे त्यांनी मनाशी घट्ट ठरवलं होतं. बाईंनी थोडे दिवस ते चालू दिलं.

मग एका सकाळी त्या म्हणाल्या, "तंबू कुठाय?"

"तू बरी झालीस की काढू."

"खोटं बोलू नका." आवाज बारीक झाला होता, पण खिडकीतली धार तशीच होती. "जन्मभर मी लोकांना शेवटची गाडी कुठली ते सांगितलं. ती चुकवून बाकड्यावर बसलेली माणसं रोज पाहिलीत मी. मला तसं बसायचं नाहीये."

मास्तरांचा बांध फुटला. लहान मुलासारखे हुंदके देत ते म्हणाले, "माझ्यामुळे झालं गं हे. तू सांगत होतीस, हाड लागतंय, हाड लागतंय, आणि मी मूर्ख फोम बदलत बसलो."

"बसलात खरे," बाई म्हणाल्या. नाही कशाला म्हणतील? "आणि मी काट्यावर उभी राहून दात काढत होते. आता दोघांनी रडून काय उपयोग? कधी निघायचं ते सांगा."

भावाने घर डोक्यावर घेतलं. "दाजी, डोकं फिरलंय का तुमचं? वाटेत काही झालं म्हणजे?" मी जीप घेऊन मागून येतो, म्हणाला. ताईने त्याला दारातूनच परत पाठवलं. डॉक्टरांनी खांदे उडवले आणि वेदनेच्या गोळ्या वाढवून दिल्या. त्यांच्या त्या खांदे उडवण्यातच मास्तरांना काय ते कळलं.

बर्फाचं नावच नको. धरणाच्या पलीकडे डोंगराचा घाट आहे, त्याच्या माथ्यावर तंबू टाकायचा, एक मुक्काम करायचा आणि परत यायचं, एवढंच ठरलं. मास्तरांनी आणखी एक सीट केली, पाठीला टेका असलेली, दोन्ही बाजूंनी उचललेली. बाईंना उचलून तिच्यावर बसवलं आणि रुंद पट्ट्याने स्वतःच्या कमरेशी बांधून घेतलं. सकाळची उन्हं होती. बाई सगळ्या पाट्या मोठ्याने वाचत होत्या, गावांची नावं ओळखीच्या माणसांना हाक मारावी तशी घेत होत्या. "हे इथे आहे होय! आणि मी लोकांना सांगायची, तळ्याजवळ उतरा. तळं कुठाय इथे?" मास्तरांनाही कितीतरी दिवसांनी हसू आलं.

मग घाट सुरू झाला. या इंजिनाची खोड मास्तरांना पक्की ठाऊक होती. दोन माणसं बसली की पहिल्याच चढाला धाप लागायची आणि गिअर खाली टाकावा लागायचा. त्यांनी पाय तयार ठेवला आणि गाडी कधी कुरकुरते याची वाट बघितली. पहिलं वळण आलं आणि गेलं. दुसरं गेलं. मागे तंबू होता, स्टोव्ह होता, भरलेले कॅन होते, बाई होत्या. आणि गाडी चढत होती, मास्तर एकटेच असताना चढायची तशी, काही त्रास नसल्यासारखी.

मागे बाईंची बडबड थांबली होती. त्याही ऐकत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी मास्तरांच्या पाठीला गाल टेकला आणि विचारलं, "अहो, एवढी हलकी कशी चढतेय हो ही?"

मास्तरांनी गरज नसताना गिअर खाली टाकला, मग आणखी एक खाली. इंजिन किंचाळायला लागलं.

"हलकी कुठे?" ते ओरडून म्हणाले. "ऐक की, कशी धापा टाकतेय. दोघं आहोत ना गं आपण. जड होणारच."