जवळची शाखा

आमच्या बँकेत टोकन देणाऱ्या बाईंना सगळे ॲपताई म्हणतात. समोरच्या मोठ्या बँकेने सगळे व्यवहार फोनवर आणले आणि आमचे खातेदार तिकडे पळू लागले, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी बाईंना दारातच उभं केलं. "कोणाला काउंटरपर्यंत येऊच देऊ नका. दारातच ॲप शिकवा."

बाई हात धुऊन मागे लागल्या. "काका, घाबरताय काय, चावत नाही तो फोन!" खातेदार परतले, ठेवी वाढल्या, शाखेला बक्षिसाची ढाल मिळाली. पण माझ्या कॅशच्या खिडकीशी कुत्रं फिरकेना. रिकाम्या खुर्च्या दाखवून बोललो की बाई फिस्कारायच्या, "तुमचं मेलं नेहमीचं रडगाणं!"

काल त्यांच्या सासूबाई आल्या. बाईंनी कौतुकाने त्यांच्या फोनवर ॲप घालून दिलं. "इथे दाबा, सर्वांत जवळची शाखा दिसेल."

सासूबाईंनी दाबलं. चष्मा सावरून फोन डोळ्यांजवळ नेला.

"अगं, हे तर नदीपलीकडची शाखा दाखवतंय," त्या म्हणाल्या. "मग आपण उभ्या आहोत ती कुठे गेली?"